सुनपातीचं तेल आईच्या गुडघ्यांना लावू का? खानापूरला पावसात फार दुखतात

लावा, पण थेट नको. सुनपाती म्हणजे हिमालयात ३००० मीटरच्या वर उगवणारं ऱ्होडोडेंड्रॉनच्या जातीचं बुटकं झुडूप. नेपाळात त्याच्या पाना-फुलांतून वाफेवर तेल काढतात, वाळलेली पानं धूप म्हणून जाळतात. तेलात पाइनीन, लिमोनीन असतं, म्हणून राळेसारखा वास येतो.

बेळगावात आमच्या घरी आजीचे गुडघे धरले की मी चमचाभर कोमट तीळतेलात दोनच थेंब घालते आणि हलक्या हाताने चोळते. ऊब येते, तिला झोप लागते. झीज मात्र याने भरून येत नाही, सूज असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा. पोटात अजिबात नको. उघडी राहिलेली जुनी बाटलीही नको, अशा तेलाने खाज सुटते.