सवयीला खुंटी हवी

प्रश्न : मी ३९ वर्षांची असून कोथरूडला राहते आणि हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करते. घरी सासूबाई, यजमान आणि पाचवीतली मुलगी आहे. एक जानेवारीपासून पहाटे पाचला उठणे, वीस मिनिटे ध्यान, सूर्यनमस्कार आणि रात्री रोजनिशी असा नेम धरला होता. अकराव्या दिवशी मुलीला ताप आला, रात्रभर जागरण झाले, दुसऱ्या दिवशी नेम चुकला आणि मग सगळेच सुटले. असे होण्याचे हे चौथे वर्ष आहे. मैत्रीण म्हणते, २१ दिवस नेटाने केले की सवय लागते. माझ्यात निर्धारच कमी आहे का? शिवाय दिवसभर कामात बुडालेली असूनही संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर आज नेमके काय केले, हे आठवत नाही.

उत्तर : चार वर्षे दर जानेवारीत नव्याने उभे राहणाऱ्या बाईत निर्धार कमी आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. चूक नेमाच्या बांधणीत आहे आणि ती दुरुस्त करता येते.

आधी २१ दिवसांचे पाहू. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिले होते की, शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ हा शब्द पुढे गळून पडला आणि चेहऱ्याविषयीचे निरीक्षण सर्व सवयींना लागू झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेकच नवी कृती निवडायला सांगून ८४ दिवस त्यांच्या नोंदी घेतल्या. ती कृती आपसूक होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला, त्यांच्या आकडेमोडीनुसार, २५४ दिवस लागले असते. तुमच्या दृष्टीने त्यातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात म्हणावा असा खंड पडला नाही. मुलीच्या उशाशी बसून काढलेल्या रात्रीने तुमचे काहीच मोडले नव्हते. दुसऱ्या दिवशी ‘आता सगळे गेले’ असे मानले, तिथे ते मोडले.

दुसरे, तुम्ही चार सवयी एकदम धरल्या आणि त्या घड्याळाला बांधल्या. ज्या घरात शाळेचा डबा, सासूबाईंची औषधे आणि कंपनीच्या बसची वेळ सांभाळायची असते, तिथे पहाटेची पाचची वेळ रोज तुमच्या हातात राहणे अवघड आहे. रोज न चुकता घडणारे असे काही मात्र तुमच्या घरात आहेच. दूध तापवणे, देवापाशी दिवा लावणे, बसमध्ये जागा मिळाल्यावर पट्टा खांद्यावरून काढून बॅग मांडीवर घेणे, ही तुमच्या दिवसाच्या भिंतीत पक्की बसलेली खुंटी आहे आणि नवी सवय तिलाच अडकवायची असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले की, ‘मी व्यायाम करीन’ अशा मोघम संकल्पापेक्षा ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवलेले जास्त पार पडते, कारण ऐनवेळी विचार करण्याचे काम उरत नाही.

म्हणून सध्या ध्यानाची वीस मिनिटे बाजूला ठेवा आणि फक्त दुधाचे पातेले घ्या. पातेले गॅसवर ठेवले की बहुतेक घरांत हात आपोआप मोबाइलकडे जातो, ऑफिसच्या गटातला एखादा निरोप दिसतो, मन हिंजवडीला पोहोचते आणि दूध ओट्यावर येते. उद्यापासून मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून ती चार-पाच मिनिटे पातेल्यापाशी उभ्या राहा. कडेने बारीक बुडबुडे धरतात, साय सुरकुतते, मधोमध फुगते, हे पाहा. मन दुसरीकडे गेले की रागावू नका, ‘गेले होते’ एवढे लक्षात घेऊन परत दुधाकडे या. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण हलका करण्यासाठी सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या वर्गात बसून ध्यान करण्याबरोबरच रोजची साधी कामे भान ठेवून करण्याचा अभ्यासही असतो. मला स्वतःला संसारी माणसासाठी हाच मार्ग अधिक टिकाऊ वाटतो.

ही सवय न आठवता होऊ लागली की दुसरी धरा, आधी नको. ती बसमधली असू द्या : बॅग मांडीवर आली की, चांदणी चौक येण्यापूर्वी, आज पूर्ण झालेली तीन कामे आणि उद्या सकाळी सर्वांत आधी हातात घ्यायचे एक काम वहीत लिहायचे. दिवसाचा हिशेब लागत नाही, ही तुमची तक्रार एवढ्याने बरीच कमी होईल. सूर्यनमस्कारांचा विषय पावसाळ्यानंतर काढू.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत घरी बसून मुद्रितशोधन करतो. प्रकाशक आणि छापखान्यांचे फोन, व्हॉट्सॲपवर येणारी पाने यांमुळे सलग काम होत नाही. फोन झाल्यावर परत बसलो तरी चुका नजरेतून सुटतात. काय करावे?

उत्तर : फोन दोन मिनिटांचा असतो, पण त्याचा विषय मनात रेंगाळतो. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये हेच अभ्यासले. अर्धवट सोडलेल्या कामाचा काही अंश लक्षाला चिकटून राहतो आणि पुढच्या कामाची प्रत घसरते. तुमच्या कामात एक सुटलेली वेलांटीसुद्धा छापून येते, म्हणून तुम्हाला ते इतरांपेक्षा लवकर जाणवते. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५ मिनिटे काम आणि मग थोडी विश्रांती अशी पद्धत बसवली, ती तुम्हाला मानवेल. मात्र गजर वाजला तरी परिच्छेद संपवूनच उठावे. मध्येच फोन घ्यावा लागला, तर ज्या शब्दावर नजर होती तिथे पेन्सिलीने टिंब करून ‘पुढचा शब्द तपासायचा’ असे समासात लिहावे, म्हणजे मनाला ती जागा धरून ठेवावी लागत नाही, आणि परतल्यावर त्या टिंबाच्या दोन ओळी आधीपासून वाचायला घ्यावे. छापखान्यांना ‘बारा आणि चार वाजता फोन घेतो’ असे एकदा नम्रपणे कळवून पाहा. पान मशीनवर चढलेले असेल तेव्हाचा फोन तेवढा अपवाद ठेवा.