तालमीतला दम कुठून येतो?

प्रश्न : माझा १५ वर्षांचा मुलगा पहाटे तालमीत जातो. निघताना तो आजीच्या आग्रहाखातर जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या आणि तांब्याभर दूध घेतो. पण बैठका काढताना त्याला मळमळते आणि कुस्ती सुटल्यावर बराच वेळ धाप लागते. त्याच्या अंगात ताकद कमी आहे का?
– एक पालक, येळ्ळूर (ता. बेळगाव)

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. आजींची माया खरी, परंतु पहाटेच्या भाकरीचा त्याच पहाटेच्या बैठकांना फारसा उपयोग होत नाही. भाकरीतील पिष्टाचे पचन लाळेपासूनच सुरू होते, म्हणूनच घास खूप चावला की गोडसर लागतो. पण खरे काम लहान आतड्यात होते. तेथे तयार झालेले ग्लुकोज रक्तात उतरते आणि लगेच न लागणारा भाग यकृत व स्नायू ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवतात. प्रौढ माणसाच्या यकृतात हा साठा सुमारे १०० ग्रॅम असतो, स्नायूंत त्याच्या तीन-चार पट. पहाटेचा व्यायाम मुख्यतः आदल्या दिवशीच्या जेवणावर होतो. भरल्या पोटी व्यायाम केल्यास आतड्यांकडे जाणारे रक्त स्नायूंकडे वळते, अन्न जठरात रेंगाळते आणि मळमळते.

धापेचे कारण निराळे आहे. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि उच्छ्वासात साधारण १६ टक्के उरतो. मधला वाटा रक्तातील हिमोग्लोबिन स्नायूंपर्यंत पोहोचवते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून प्राणवायूच्या साहाय्याने एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे सुमारे ३० रेणू मिळतात, त्याविना अवघे २. राजहंसगडाची चढण संथपणे चढताना आपण बोलू शकतो, कारण प्राणवायूचा पुरवठा मागणीइतका असतो. डाव टाकताना मात्र मल्ल दम रोखून सारे बळ एकवटतो, तेव्हा तो पुरवठा अपुरा पडतो, साखर भराभर खर्ची पडते आणि प्राणवायूविना साखर वापरताना तयार होणारे लॅक्टेट हे द्रव्य साचते. कुस्ती सुटल्यावर ही भरपाई करण्यासाठीच शरीर जोराने श्वास घेत राहते. सरावाने धाप लवकर ओसरू लागते. महिनाभर ती किती मिनिटे टिकते याची नोंद ठेवावी. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा श्वासात शिट्टीसारखा आवाज येणे यांपैकी काही आढळल्यास मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

रात्री भाकरी, आमटी, भात असे पोटभर जेवण असावे, पहाटे फार तर एक केळे. आजींच्या त्या दोन भाकऱ्या आणि दूध मुलाने तालमीतून आल्यावर, अंगावरची माती धुऊन झाली की घ्यावे. रिकामा झालेला साठा भरून घेण्यासाठी स्नायू त्या वेळी सर्वांत उत्सुक असतात.