तलावपाळीजवळचं जुनं चर्च पाहताना

प्रश्न : ठाण्यातलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आम्हाला बघायचंय. आम्ही ख्रिस्ती नाही. कधी जावं, काय पाळावं? जुने कोरीव दगड दिसले तर वाचायचे कसे? (एक वाचक, कळवा)

उत्तर : स्टेशनच्या पश्चिमेकडून मासुंदा तलाव, म्हणजेच तलावपाळी, चालत गाठता येतो, रिक्षाची गरज नाही. रविवारची सकाळ टाळा, मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असताना फिरणं शोभत नाही. २४ जूनला संत योहानाचा, म्हणजेच सेंट जॉनचा, सण असतो. गजबज आवडत असेल तरच तेव्हा जा. मिस्सा सुरू असलीच तर मागच्या बाकावर बसा, इतर उठले की उठा. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरी घेण्याच्या, रांगेत मात्र जाऊ नका, ते प्रसादासारखं सगळ्यांसाठी नसतं. वेदीची पायरी चढू नका. फोटोंसाठी आधी ऑफिसात विचारा.

आता दगड. झिजलेली अक्षरं समोरून टॉर्च मारला की आणखीच सपाट दिसतात. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. एका बाजूने जमलं नाही तर दुसरीकडून धरून बघा. खडू, पीठ अजिबात नको. ते दगडाच्या छिद्रांत बसतं, मग घासून काढताना कडा जातात. पाणीही ओतू नका.

वेळ उरला तर कोपिनेश्वर मंदिर तलावाकाठीच आहे. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. तो बाहेरूनच बघायचा, उगाच गेटवर रेंगाळू नका.