क्लच कव्हरचा बोल्ट ‘टिक’ वाजण्याआधीच का तुटला?

१५० सीसी मोटरसायकलच्या क्लच कव्हरचे पॅकिंग बदलताना तुम्ही मॅन्युअलप्रमाणे १२ न्यूटन-मीटरचा टॉर्क (आवळण्याचा पीळ) लावायला घेतला, गंज चढू नये म्हणून आट्यांना इंजिन ऑइलचे दोन थेंब लावले, ठरवलेला टॉर्क आला की ‘टिक’ वाजवणारा, १० ते ११० न्यूटन-मीटरचा नवा टॉर्क रेंच वापरला आणि तरीही सहा मिलिमीटरचा बोल्ट ‘टिक’ वाजण्याआधीच तुटला. बोल्टच निकृष्ट होता का, असे तुम्ही विचारले आहे. तसे असू शकते. पण तुमच्या वर्णनात बोल्ट तुटायला पुरेशी ठरतील अशी दोन कारणे आधीच दिसत आहेत.

पहिले कारण ऑइलचे. पाना फिरवताना लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो, चाळीसएक टक्के आट्यांतल्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. जोड घट्ट राहतो तो मात्र या ताणामुळेच. म्हणून घर्षण थोडेसे कमी झाले तरी तेवढ्याच टॉर्कमध्ये ताण बराच वाढतो. कोरड्या आट्यांवर १२ न्यूटन-मीटर लावल्यास एम-६ (म्हणजे सहा मिलिमीटरच्या) बोल्टमध्ये सुमारे १०,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ एक टन वजनाइतका ताण येतो; आटे ऑइलने ओले असतील तर हाच आकडा १३,०००च्या वर जाऊ शकतो. आता बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ हा शिक्का पाहा. पहिल्या ८चा अर्थ तुटण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, आणि दुसऱ्या ८चा अर्थ त्याच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबू लागतो. एम-६च्या आट्यांचे उपयोगी क्षेत्रफळ २०.१ चौरस मिलिमीटर धरले, तर ही लांबण्याची मर्यादा १२,९०० न्यूटनच्या आसपास येते. म्हणजे मॅन्युअलचा आकडा तंतोतंत पाळूनही तुमचा बोल्ट मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकत होता, आणि पिळाचा भार यात अजून धरलेलाच नाही.

काही ठिकाणी, विशेषतः सिलिंडर हेडच्या नट-बोल्टांना, मॅन्युअल स्वतःच ऑइल लावायला सांगते. तिथे ते लावलेच पाहिजे, कारण तो आकडा ओल्या आट्यांसाठीच ठरवलेला असतो. जिथे असा उल्लेख नाही, तिथे आटे स्वच्छ आणि कोरडे असावेत.

दुसरे कारण रेंचचे. आयएसओ ६७८९ या मानकानुसार अशा रेंचची तपासणी कमाल क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर होते, आणि चार टक्क्यांपर्यंतची चूक चालते. तुमच्या रेंचचे २० टक्के म्हणजे २२ न्यूटन-मीटर; त्याखाली तो काय दाखवील याची हमी नाही. शिवाय अर्ध्या इंची चौकाच्या (सॉकेट बसते त्या चौकोनी टोकाच्या) रेंचच्या लांब दांड्यावर १२ न्यूटन-मीटरचा ‘टिक’ इतका हलका असतो की तो हाताला कळतही नाही. एम-५ आणि एम-६ बोल्टांसाठी पाव इंची चौकाचा, साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटरचा वेगळा रेंच घ्यावा. एकदा ‘टिक’ झाला की थांबावे. खात्रीसाठी पुन्हा दोनदा टिकटिक करण्याची सवय बोल्टला अधिक आवळतच नेते. आणि आकडा वाचताना एककही वाचावे, कारण १२ फूट-पौंड म्हणजे १६ न्यूटन-मीटरहून अधिक होतात.

आता तुटलेल्या तुकड्याकडे वळू. डोके गेल्यावर ताणही जातो, त्यामुळे खाली राहिलेला तुकडा बहुतेकदा वाटतो तितका घट्ट नसतो. बाकीचे बोल्ट काढून कव्हर बाजूला केले आणि तुकडा इंजिनच्या केसच्या वर थोडा जरी राहिला असेल, तर व्हाइस ग्रिपने (घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीने) धरून तो हलकेच मागे-पुढे करत काढता येतो. तो केसच्या आतच तुटला असेल, तर मध्यभागी पंच मारून डाव्या फिरकीचे ड्रिल चालवावे. अनेकदा भोक पाडतानाच तुकडा उलटा फिरून वर येतो. ईझी-आउट (तुटलेला तुकडा उलटा फिरवून काढण्याचे हत्यार) मी शेवटी वापरतो, कारण ते फार कडक असते आणि ॲल्युमिनियमच्या भोकात मोडले की त्यावर ड्रिलही चालत नाही. नंतर एम-६ × १चा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हाताने, जोर न लावता फिरवून आटे साफ करावेत आणि भोकातले ऑइल कापडाने व हवेने पूर्ण काढावे. बंद भोकात ऑइल साचले असेल, तर बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा ते दाबतो आणि केसला तडा जाऊ शकतो.

क्लच कव्हरचे बोल्ट एकाच लांबीचे नसतात, हेही पाहावे. सगळे बोल्ट आपापल्या भोकांत नुसते सोडले की त्यांची डोकी कव्हरपासून जवळजवळ सारख्याच उंचीवर उभी राहिली पाहिजेत. एखादे डोके फारच खाली दिसले, तर तिथे आखूड बोल्ट गेला आहे असे समजावे. तो दोन-चार आट्यांवरच लटकतो आणि आवळताना केसचे आटे सोबत घेऊन येतो. ॲल्युमिनियममध्ये एम-६चे निदान नऊ मिलिमीटर तरी आटे गुंतलेले असावेत.

आवळताना आधी सगळे बोल्ट हाताने टेकवावेत, मग समोरासमोरच्या जोड्या धरून ६ न्यूटन-मीटरची एक फेरी आणि १२ची दुसरी फेरी करावी. नवा बोल्ट कंपनीचाच घ्यावा. दुकानदार चकचकीत स्टेनलेस ॲलन बोल्ट पुढे करील, पण ॲल्युमिनियमच्या संगतीत ओलाव्याने ते अडकून बसतात, आणि ते टाळायला अँटी-सीझ हे वंगण लावले की पुन्हा घर्षण कमी होऊन ऑइलचाच प्रश्न उभा राहतो. कव्हर बसवल्यावर कडेने ऑइल पाझरले, तर तिथला बोल्ट आणखी पिळू नये. कव्हर उघडून पॅकिंगचे जुने अवशेष राहिले आहेत का आणि डॉवेल (कव्हर नेमके बसवणाऱ्या पिना) जागेवर आहेत का ते तपासावे.