यादीतला पहिला नंबर

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेतीनला आलेला, मी सकाळी चहाच्या वेळी पाहिला. "मावशी, 98.6 पर्सेंटाईलला पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज मिळेल का? नाही मिळालं तर काय करू? आईला सांगितलं नाही, पण आठ दिवस झोप लागत नाहीये." पहिल्या दोन प्रश्नांकडे येतेच, पण आधी झोपेचं बोलू.

गेली दोन वर्षं तुला काळजी वाटली की तू काय करायचीस? पुस्तक उघडायचीस. इंटिग्रेशनची चार गणितं सोडवलीस की जीव भांड्यात पडायचा. आता सीईटी, इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, झाली, पर्सेंटाईल आला आणि उघडायला पुस्तकच उरलं नाही. काळजी मात्र नेहमीच्या वेळेवर हजर. मग तू मोबाईल उघडतेस आणि गेल्या वर्षी कुठली जागा किती पर्सेंटाईलला बंद झाली ती कटऑफची पीडीएफ वर-खाली करत बसतेस. मेहनत केल्यासारखं वाटतं, पण त्यातून तुझा आकडा हलत नाही. दरवर्षी प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर कागद तपासायला बसते तेव्हा अशी तारवटलेल्या डोळ्यांची मुलं रोज भेटतात. बरेचदा हुशारच असतात.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. लाल गोल तू कशाभोवती केलायस? 'जीओपीईएनएस'च्या रकान्याभोवती. अगं, तू ओबीसी आहेस. तुझ्यासाठी 'एलओबीसीएस' असाही रकाना आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वांसाठीच्या जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधलं प्रवर्गाचं. शेवटचं एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. एच आणि ओ म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या आणि हद्दीबाहेरच्या मुलांच्या. सीओईपीच्या जागा राज्यस्तरीय, त्यामुळे बार्शीची म्हणून तुझं तिथे काही अडत नाही. खुल्या जागांसाठीही तू धरली जातेसच. आठ रात्री तू सगळ्यात कठीण रकाना पाहून रडलीस. भीतीचा हा स्वभावच, ती बरोबर वाईट आकड्यावर बोट ठेवते.

आता खरं सांगते. तिथलं कॉम्प्युटर तुला मिळेल असं मला वाटत नाही. 'एल'च्या रकान्यातही ते बरंच वर बंद होतं. मेटलर्जी, सिव्हिल, मॅन्युफॅक्चरिंग या शाखांत मात्र आशा धरायला जागा आहे. आणि "कॉलेजने काही फरक पडत नाही" असं मी म्हणणार नाही, मोठी माणसं म्हणतात तसं. फरक पडतो. शेजारच्या बाकावर कोण बसतं, प्रयोगशाळा रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, कुठल्या कंपन्या येतात, याने पडतोच. पण तुझ्या मनात त्याचं जे माप झालंय ना, की हे नाही तर काहीच नाही, ते माप चुकलंय. पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं मी दरवर्षी शिकवते. पहिल्या सहामाहीत गणिताने त्यांची दमछाक होते, पण वर्कशॉपमध्ये बाकीचे त्यांच्याकडे बघत राहतात.

पर्सेंटाईलबद्दल एकच. 98.6 म्हणजे शंभरातली साडेअठ्ठ्याण्णव मुलं तुझ्या मागे. पण तुझ्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपमध्ये तीन लाख मुलं बसली असं धरलं, तर पुढे चार हजार दोनशे उरतात. तुझी आत्या पहिलं वाक्य सांगते, तुझं मन रात्री दुसरं सांगतं. दोन्ही खरी आहेत, म्हणून तर गोंधळ होतो.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांची पसंतीक्रमाने भरायची यादी. तुझी कच्ची यादी पाहिली. पहिल्या नंबरला सोलापूरचं कॉलेज, का तर "तिथे नक्की मिळेल". सीओईपी मेटलर्जी सातव्या नंबरवर, "उगाच वर टाकून पहिला नंबर वाया कशाला घालवायचा".

पहिला नंबर वाया जात नसतो. संगणक गुणवत्ता यादीप्रमाणे एकेक नाव घेतो. तुझं नाव आलं की तुझी यादी वरून खाली वाचत जातो आणि जिथे तुझ्या वाट्याची जागा दिसेल तिथे थांबतो. वरच्या सहा ठिकाणी जागा नसली तर सातव्यावर तुझा हक्क तेवढाच राहतो, जेवढा ते पहिलं लिहिलं असतंस तर राहिला असता. अवघड कॉलेज वर लिहिल्याची शिक्षा होत नाही. उलट सोपं वर लिहिल्याची होते. 2025 च्या नियमांत पहिल्या फेरीत यादीतला पहिलाच पर्याय मिळाला, तर तो घ्यावाच लागत होता, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळाला तर तसंच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, नियम बदलतात. पण तुझी यादी तशीच गेली असती, तर पहिल्याच फेरीत सोलापूर मिळून तू अडकली असतीस, आणि मेटलर्जीची जागा तुला मिळणारी होती की नव्हती हे तुला कधी कळलंही नसतं.

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितेय ते सांगते. आमच्या वेळी बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर प्रवेश व्हायचे. मोठ्या हॉलमध्ये मेरिट नंबर पुकारायचे, आपण टेबलापाशी जाऊन कॉलेज आणि शाखा सांगायची. फळ्यावर उरलेल्या जागा खडूने लिहिलेल्या. मला सांगलीला जाऊन मेकॅनिकल करायचं होतं. रांगेत मागे एक बाई आपल्या मुलाला सांगत होत्या, "तिथलं आता संपत आलं असेल, जवळचं धर." मी त्यांची कोणीही नव्हते. पण माझा नंबर आला आणि तोंडातून घराजवळच्या कॉलेजचं नाव गेलं, इलेक्ट्रॉनिक्स. पावती हातात घेऊन वळले तेव्हा फळा नीट वाचला. सांगली, मेकॅनिकल, समोर चार. तो खडूचा चार मला अजून दिसतो. मला कुणी नाही म्हटलंच नव्हतं, मी विचारलंच नव्हतं.

रडगाणं गात नाही हो. इलेक्ट्रॉनिक्स पुढे आवडलं, त्यावरच घर चाललं.

तर आज यादी पुन्हा लिही, कागदावर, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. कटऑफ न बघता आधी लिही: कुठे जायला आवडेल. मेटलर्जी तुला खरंच हवी आहे की फक्त त्या नावाची पाटी हवी आहे, हेही तिथेच विचार. पाटी हवी असेल तरी लाज नाही, पण चार वर्षं वितळबिंदू आणि मिश्रधातू वाचावे लागतील. सोलापूरचं कॉम्प्युटर जास्त आवडत असेल, तर ते बेधडक पहिलं लिही, मग ते भीतीने लिहिलेलं नसेल. कटऑफची पीडीएफ त्यानंतर उघड, यादीच्या तळाशी पुरेशी खात्रीची नावं आहेत ना एवढं बघायला. पैसे घेऊन यादी बनवून देणाऱ्याकडे जाऊ नकोस. तुला काय आवडतं हे त्याला कुठून माहीत?

नातेवाइकांना "यादी भरतेय" एवढं एकच उत्तर दे. टेलिग्रामचे ते अंदाज सांगणारे ग्रुप सोड, निदान रात्री नऊनंतर.

आणि आईला सांग. तिला वाटतंय तू रात्री सिरीयल बघतेस, मला फोनवर म्हणाली. यादी झाल्यावरही झोप आली नाही, जेवण जाईना, छातीत धडधड होत राहिली, तर 14416 ला फोन लाव. टेलिमानस म्हणून सरकारची फुकट सेवा आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जायचं ठरलं तर मी बरोबर येते.

कागदांचं पाहा: नॉन-क्रिमीलेयरचं प्रमाणपत्र येत्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं हवं, जात पडताळणीचं प्रमाणपत्र मूळ. बाबांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तेव्हा उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेव. ओबीसी मुलींना 2024 पासून शिक्षण शुल्काची माफी आहे, ती त्यावर मिळते. तहसीलला सर्व्हर दुपारी बसतो, सकाळी जा.

शनिवारी मी केंद्रावर आहे, जिन्याशेजारच्या खोलीत. दीडला जेवणाची सुट्टी असते. कागदावरची यादी घेऊन ये, खाडाखोड असली तरी चालेल. डब्यात थालीपीठ आणते दोघींपुरतं.

तुझी,
मावशी