एअर रायफलचा रेग्युलेटर खोलण्याआधी

प्रश्न : मुलीच्या दहा मीटरच्या सरावासाठी पाच महिन्यांपूर्वी पुण्यातच १ लाख ६० हजार रुपयांना एअर रायफल घेतली. रात्रभर ठेवल्यावर सकाळचा पहिला छर्रा दरवेळी वर लागतो. हँडपंपाने हवा भरल्याने ओलावा शिरला, असे सांगून विक्रेता वॉरंटी नाकारतो. ओळखीचा कारागीर रेग्युलेटर खोलून द्यायला तयार आहे. शिवाय छऱ्याचा वेग वाढल्याने शस्त्र परवाना लागेल का?

उत्तर : रायफल कारागिराकडे देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. सिलिंडरमधला सुमारे २०० बारचा दाब बराच खाली आणून प्रत्येक छऱ्यासाठी सारखा ठेवणे हे रेग्युलेटरचे काम असते; त्याची झडप घट्ट बसत नसेल, तर रायफल नुसती ठेवलेली असतानाही हवा पुढे झिरपत राहते आणि पहिला छर्रा जास्त वेगाने सुटतो. झडपेच्या बैठकीवर मुळातला चरा असेल, तर तो उत्पादनातील दोष ठरू शकतो. ओलाव्याने धरलेला गंज निघाला, तर विक्रेत्याच्या म्हणण्याला बळ मिळेल. याचा निवाडा करणारा पुरावा त्या बंद रेग्युलेटरच्या आत आहे आणि एकदा बाहेरच्या माणसाने पाना लावला, की चरा त्यानेच पाडला असे म्हणायला विक्रेता मोकळा होतो.

बालेवाडीच्या रेंजवर प्रशिक्षकांसमोर चार-पाच सकाळी क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजणारे उपकरण) पहिल्या छऱ्याचा आणि नंतरच्या दहा छऱ्यांचा वेग मोजून तारखेनिशी वहीत लिहा व त्यांची सही घ्या. हवा कशी भरायची याविषयी माहितीपुस्तिकेत काय लिहिले आहे, हेही वाचा. हँडपंपाला तिथे मनाई नसेल, तर विक्रेत्याचा बचाव बराच लंगडा पडतो.

त्यानंतर लेखी नोटीस द्या. दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल, तर कलम ३८ खाली आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

परवान्याची काळजी नको. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला तो लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने सुटला, तरी ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपासच भरते.

विक्रेत्याने तपासणीसाठी रायफल मागितलीच, तर अनुक्रमांक आणि ‘रेग्युलेटर न खोललेला’ एवढे शब्द लिहिलेली पोचपावती हातात पडल्याशिवाय ती देऊ नका.