मऊ खडकात बोअर घेताना कोणते बिट वापरावे?

आपण विचारले आहे की, वरती मुरूम आणि खाली मऊ मांजऱ्या खडक (पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला बेसाल्ट) असलेल्या जागी साडेसहा इंची (१६५ मिमी) बोअर घेताना कठीण काळ्या पाषाणासाठी घेतलेले बिटच (खडक फोडणारे टोकाचे अवजार) चालेल का. चालेल, परंतु ते चालवण्याची रीत बदलावी लागेल. बोअरच्या गाडीवर काम करताना मला हेच कळले की, मऊ खडक फोडणे सोपे असते, फोडलेला चुरा वर काढणे अवघड. म्हणून बिटही त्याच हिशेबाने निवडावे.

निव्वळ माती आणि मुरमात हॅमरची (हवेच्या जोरावर बिटाला ठोके देणारे यंत्र) गरजच नसते. तीन पात्यांचे ड्रॅग बिट तेथे खरवडत सहज उतरते, आणि मुरूम संपला की केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून घालायचा पाइप) बसवून घ्यावे. मांजऱ्यात हॅमर लावल्यावर टोकदार कार्बाइड बटणांचे बिट गोल बटणांपेक्षा वेगाने जाते, कारण प्रत्येक ठोक्याला बटण खोल रुतून मोठा तुकडा सुटतो. मात्र दख्खनच्या खडकात थर आलटून पालटून लागतात आणि खाली पाषाण आला की तीच टोके मोडतात. त्यामुळे एकच बिट परवडत असेल, तर मी गोल बटणांचेच, पण तोंडावर चुरा निघायला रुंद खाचा असलेले घेईन.

एकदा मांजऱ्यातून तांबड्या गेरूच्या थरात उतरताना चुरा येणे थांबले आणि कॉम्प्रेसरचा काटा चढू लागला, तरी मी बिटावर वरून दाब वाढवतच राहिलो. बिट अडकले; दोन तासांनी सुटले तेव्हा त्याच्या तोंडावर भाजक्या विटेसारखा गोळा बसला होता आणि हवेची दोन्ही भोके बुजली होती. तेव्हापासून अशा थरात मी बिटावरचा दाब कमी ठेवतो, थोडे पाणी आणि फोम सोडतो, आणि दर दीड-दोन फुटांनी हॅमर उचलून नुसती हवा मारतो. अडकलेले बिट सोडवताना उलटे फिरवू नये, रॉडचे आटे सुटून सगळे आतच राहते.

बटणाचा सपाट झालेला भाग त्याच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा दिसला की धार लावून घ्यावी. बिटाचा व्यासही मोजत जावा; झिजलेल्या बिटाने पाडलेल्या भोकात नवे बिट उतरवले, तर ते मधेच आवळून बसते.